वेढा दाखवणारी दुर्बीण

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत, कळ येते ती बहुतेक वेळा वेढ्यामुळे. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब. त्यातला सिग्मॉइड हा भाग पोटाच्या मागच्या भिंतीला जखडलेला नसतो, मोकळा हलतो. डॉक्टर दुर्बीण पुढे सारतात, टोक मात्र जागीच राहते आणि मधली नळी आतड्यासकट वेढा घेते. आतड्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो आणि रुग्ण कळवळतो. टोकावरच्या कॅमेऱ्याला समोरचा मार्ग दिसतो, मागे पडलेला वेढा नाही. तो हाताला जाणवणाऱ्या अडथळ्यावरून ओळखायचा. क्ष-किरणांनी पाहता येई, पण मग रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही किरणोत्सर्ग.

१९९३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर चुंबकीय उपाय मांडला. त्यावरूनच पुढे ऑलिम्पस कंपनीचे 'स्कोपगाइड' आले. दुर्बिणीच्या लांबीभर बारीक तारांची वेटोळी बसवलेली असतात. त्यांतून अगदी सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, खाटेशेजारची तबकडी ते टिपते आणि पोटात दुर्बीण कशी पडली आहे याचे जिवंत चित्र पडद्यावर उमटते, समोरून आणि बाजूनेही. अल्फा (α) अक्षरासारखा वेढा दिसला की डॉक्टर दुर्बीण बहुधा उजवीकडे पिळत मागे घेतात, वेढा सुटतो, नळी सरळ होते. पोट दाबणाऱ्या परिचारिकेचा हात नेमका कुठे आहे, हेही वेगळ्या वेटोळ्याने पडद्यावर दाखवता येते. मला या यंत्रातली ही सोय सर्वांत मोलाची वाटते, कारण एरवी ते दाबणे बरेचसे अंदाजाने चालते.

वेढा लवकर सुटला तर गुंगीचे औषध कमी लागावे, हा साधा हिशेब. मिडॅझोलॅम, फेंटानिल, प्रोपोफॉल ही औषधे उपयोगी खरीच, पण त्यांनी श्वास मंदावू शकतो. वयस्कर आणि फुप्फुसाच्या रुग्णांना ते जास्त जड जाते. नॉर्वेत ही तपासणी गुंगीशिवाय करण्याची पद्धत रुळलेली आहे. तिथल्या २००७च्या एका चाचणीत, गुंगी न दिलेल्या रुग्णांमध्ये हे चित्र वापरल्यावर वेदना कमी झाल्या आणि दुर्बीण आतड्याच्या शेवटापर्यंत अधिक वेळा पोहोचली.

सगळ्याच चाचण्यांनी इतका स्पष्ट कौल दिलेला नाही. मुरलेल्या हाताला फायदा कमी, शिकाऊ डॉक्टरला जास्त. म्हणून शिकवणाऱ्या रुग्णालयांत तरी हे यंत्र असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. शिकणाऱ्या डॉक्टरच्या चुकीच्या ढकलण्याची किंमत रुग्णाने वेदनेत किंवा जादा औषधात का मोजावी?

तुमची तपासणी ठरली असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा: वेढा दाखवणारी सोय इथे आहे का, आणि माझे कमी गुंगीत भागेल का? हे यंत्र चुंबकीय असल्याने, पेसमेकर बसवलेला असेल तर तेही न विसरता सांगा.