सवलतीची रूढी होते तेव्हा

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका श्रद्धेने आणि एका उपासनेने बांधलेल्या समुदायात, मोठा अपराध झाला तर त्याची चर्चा होते आणि दोषीला शासनही होते. ज्या लहान चुकीचे कोणाला विशेष काही वाटत नाही ती मात्र टिकते, आणि टिकली म्हणूनच पसरते. इ. स. ५५च्या सुमारास प्रेषित पौलाने ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात, चिमूटभर खमीर साऱ्या कणकेत भिनते, ही उपमा दिली ती एका सभासदाच्या गैरवर्तनाच्या संदर्भात. तथापि त्याचा रोख त्या सभासदापेक्षा ते खपवून घेणाऱ्या मंडळीवर अधिक होता.

हा प्रसार कसा होतो हे पौलाच्याच काळातील अंत्युखिया शहरातल्या प्रसंगात दिसते. तेथे पेत्र हा ज्येष्ठ प्रेषित यहुदीतर ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीला बसत असे. पण यरुशलेमहून काही यहुदी ख्रिस्ती येताच त्यांच्या भीतीने तो त्या पंक्तीतून उठू लागला, त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्तीही उठले आणि अखेर पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्यांना सामील झाला. पेत्राने नवा सिद्धान्त मांडला नव्हता. मान्यवराच्या वागण्याने इतरांना आपसूक परवानगी मिळाली एवढेच. म्हणूनच पौलाने त्याला खासगीत न गाठता सर्वांसमक्ष जाब विचारला.

भारतात पंक्तीचा हाच प्रश्न जातीच्या रूपाने उभा राहिला. तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे १७०६ मध्ये प्रॉटेस्टंट मिशनचे काम सुरू झाले, तेव्हा नव्याने आलेले लोक बिचकू नयेत म्हणून उपासनेच्या वेळी निरनिराळ्या जातींनी वेगवेगळे बसण्याकडे काणाडोळा करण्यात आला. तात्पुरती म्हणून दिलेली ही सवलत पुढील पिढ्यांना वारसाहक्क वाटू लागली. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद तत्काळ आणि कायमचा बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावर भागातील अनेक उच्चजातीय वेल्लाळ ख्रिस्ती कुटुंबे चर्चपासून दुरावली. सुरुवातीला शब्दाने सुटले असते ते शतकाहून अधिक काळानंतर आदेशानेही सुटेना. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागातील ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत उभी राहिली, ती याच परंपरेत. गोव्यातही बामण, चारडो आणि शूद्र हे जातिभेद धर्मांतरानंतर सुटले नाहीत. अनेक गावांत ‘कोफ्रारी’चे, म्हणजे चर्चमधील उत्सव आणि विधी सांभाळणाऱ्या बंधुसंघाचे, सभासदत्व आणि फेस्ताचे, म्हणजे चर्चच्या सणाचे, मान जातीनुसार ठरत गेले. धर्मग्रंथात ज्याला आधार नाही असा भेद मानपान आणि मालमत्ता यांच्याशी जोडला गेला की त्याच्या बाजूने बोलणारे हितसंबंध तयार होतात, आणि मग तो चूक न राहता परंपरा ठरतो.

मात्र प्रत्येक सवलत अशी घातक नसते. पंडिता रमाबाई स्वतः ख्रिस्ती असूनही त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेल्या आणि पुढे पुण्यास हलवलेल्या शारदा सदनात हिंदू विधवांना आपापले सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा होती. सदनातील मुभा मंडळीबाहेरच्या मुलींना त्यांच्या धर्मात ढवळाढवळ होऊ नये म्हणून होती, तर तरंगंबाडीची सवलत मंडळीने स्वतःच्याच सभासदांना स्वतःच्याच तत्त्वाविरुद्ध दिलेली होती. करिंथच्या पत्रात पौलही हाच भेद करतो: बाहेरच्यांचा न्याय मंडळीने करू नये, आतल्यांची जबाबदारी टाळू नये.

भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केलेल्या दलित सक्षमीकरणाच्या धोरणात चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याची कबुली दिली. अशा कबुलीचे महत्त्व मोठे आहे, कारण आजवर गैर न मानलेल्या गोष्टीला ती अधिकृतपणे गैर ठरवते. परंतु बसण्याच्या जागा, विवाहाचे निर्णय, दफनाची जमीन आणि फेस्ताचे मान ज्यांच्या हाती आहेत त्या गावपातळीवरील मंडळींनी ते धोरण अमलात आणले, तरच या कबुलीचा उपयोग होईल.