कॉफीचा चोथा आणि कुंडीतील झाड

जबलपूर शहरात चहा पिणारे पुष्कळ असले, तरी कॉफीची ओळख तेथे जुनी आहे. १९५७ च्या सुमारास कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने तेथील कामगारांनी ठिकठिकाणी सहकारी संस्था काढल्या. त्यांपैकी एका संस्थेचे मुख्य ठिकाण जबलपूर होय. तिची ‘इंडियन कॉफी हाउस’ ही उपाहारगृहे मध्य प्रदेशात सुपरिचित आहेत. अशा उपाहारगृहांतून आणि घरोघरच्या गाळण्यांतून रोज कॉफीचा चोथा बाहेर पडतो. तो काळसर व भुसभुशीत असून दिसावयास सुपीक मातीसारखाच असतो. त्यामुळे हा चोथा कुंडीत टाकला की झाड जोमाने वाढते, अशी समजूत सहज रूढ झाली आहे. या समजुतीत तथ्य किती, हे पाहिले पाहिजे.

चोथ्यात काय असते?

कॉफीच्या भाजलेल्या बियांची पूड गरम पाण्यात घातली असता तिचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्यात विरघळतो. बाकीचा भाग चोथ्याच्या रूपाने मागे राहतो. त्यात मुख्यतः काष्ठमय तंतू, तेल व प्रथिने असतात. वाळलेल्या १०० ग्रॅम चोथ्यात सुमारे २ ग्रॅम नत्र असते. स्फुरद व पालाश यांचे प्रमाण त्याहून पुष्कळच कमी असते. तेव्हा चोथ्यात वनस्पतींचे अन्न आहे, ही गोष्ट खरी आहे.

परंतु अन्न असणे आणि ते झाडाला मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. चोथ्यातील नत्र प्रथिनांत बांधलेले असते. झाडाची मुळे प्रथिने जशीच्या तशी मोठ्या प्रमाणात शोषू शकत नाहीत. त्यांना नत्र हवे असते ते मुख्यतः अमोनियम व नायट्रेट या विद्राव्य क्षारांच्या रूपात. हे रूपांतर मातीतील जंतू व बुरशी घडवून आणतात. हे सूक्ष्मजीव ताज्या चोथ्यावर वाढू लागले, म्हणजे स्वतःच्या शरीराच्या घडणीसाठी मातीतील नत्रही ओढून घेतात. अशा रीतीने जे खत म्हणून घातले, तेच काही काळ झाडाचे वाटेकरी होऊन बसते.

ताज्या चोथ्याचा दोष

याहून मोठी अडचण निराळीच आहे. १८१९ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीतून जे कॅफीन वेगळे केले, ते कॉफीच्या झाडाचे संरक्षक द्रव्य होय. कीटकांना ते बाधते आणि इतर वनस्पतींच्या बियांच्या उगवणीलाही अडथळा करते. कॉफी गाळल्यावरही त्याचा काही अंश इतर तत्सम द्रव्यांसह चोथ्यात उरतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला व सूर्यफूल ही पाच झाडे ताजा चोथा मिसळलेल्या मातीत लावली होती. मातीची पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढली. परंतु पाचही झाडांची वाढ खुंटली, आणि वेगळे खत दिल्यानेही ती उणीव भरून निघाली नाही.

कॉफीमुळे माती आंबट होते, ही दुसरी समजूत होय. जबलपूरच्या आसपासची काळी माती बहुधा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असते. अशा मातीत मोगरा किंवा जास्वंद यांची कोवळी पाने कधी कधी पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. त्यावर उपाय म्हणून चोथा घालणारे निराश होतात. कारण कॉफीतील अम्लांचा बराचसा भाग पेल्यातच उतरतो, आणि उरलेल्या चोथ्याची आम्लता अनिश्चित असते.

शिवाय काळी माती मुळातच चिकण. तिच्यावर चोथ्याचा जाड थर दिल्यास तो वाळून कवचासारखा बनतो. पाणी वरच्यावर वाहून जाते व मुळे कोरडी राहतात. शेतातील झाड मुळे दूर पसरून आपला बचाव करू शकते. कुंडीतील झाडाला मात्र ती सोय नसते. वीतभर मातीत जे घडेल, ते त्याला सोसावेच लागते.

इंदूरचा धडा

मग चोथा फेकून द्यावयाचा काय? मुळीच नाही. याचे उत्तर मध्य भारतातच फार पूर्वी मिळालेले आहे. इंदूर येथील संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात पालापाचोळा, शेण व शेतातील टाकाऊ पदार्थ थरांनी रचून, हवा व ओल राखून कुजविण्याची पद्धत सिद्ध केली. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर पोहोचले. कच्चा पदार्थ मातीत घालू नये, तो आधी कुजवून मग द्यावा, हे तिचे सार आहे.

घरी यासाठी बुडाशी व बाजूंना भोके पाडलेले मातीचे मडके पुरते. त्यात पळस, कडुनिंब अशा झाडांची वाळलेली पाने, भाजीची देठे व साली आणि थोडी बागेची माती यांचे थर द्यावेत. चोथा एकंदर आकारमानाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी राखावी आणि आठवड्यातून एकदा सर्व खालीवर करावे. सुमारे तीन महिन्यांत, थंडीत काहीसे उशिरा, ओल्या मातीचा वास येणारे काळे खत तयार होते. त्याचा एक भाग चार भाग मातीत मिसळून कुंडी भरावी. चहाच्या चोथ्यासही हाच नियम लागू आहे. मात्र त्यातील दूध व साखर आधी धुऊन काढावी, नाहीतर मुंग्या लागतात.

शाळेसाठी प्रयोग

सारख्या आकाराच्या कुंड्यांचे तीन गट करावेत. प्रत्येक गटात तीन कुंड्या असाव्यात. पहिल्या गटात केवळ माती, दुसऱ्यात चार भाग मातीस एक भाग ताजा चोथा, आणि तिसऱ्यात चार भाग मातीस एक भाग कुजलेले खत घालावे. प्रत्येक कुंडीत मुळ्याचे वीस दाणे पेरून सर्वांना सारखेच पाणी व ऊन द्यावे. दहाव्या दिवशी उगवलेली रोपे मोजावीत व चार आठवड्यांनी त्यांची उंची नोंदवावी.

या नोंदी विद्यार्थ्यांना प्रचलित समजूत पारखून घेण्यास शिकवतील. झाडाला खत द्यावयाचे म्हणजे प्रथम मातीतील सूक्ष्म जीवांना खाऊ घालावयाचे, आणि त्यांचे काम पुरे होईपर्यंत वाट पाहावयाची, एवढे ज्याला उमगले, त्याच्या कुंडीत चोथाही वाया जाणार नाही आणि झाडही दगावणार नाही.