ड्रेसर घ्यायचाय? रंग नंतर ठरवा, आधी भिंत बघा

सेल लागला की मोबाईलवर चार खणांचे, पाच खणांचे ड्रेसर दिसायला लागतात. मागे पांढरी भिंत, वर एक छोटी कुंडी, शेजारी टेबललॅम्प. फोटोत खोली केवढी आहे ते कळत नाही आणि सगळे खण बंद असतात. घरी आल्यावर मात्र खण उघडावे लागतात आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते.

ड्रेसर म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना आरशाचं ड्रेसिंग टेबल आठवतं. दुकानदार आणि ऑनलाइन साइट्स मात्र कपड्यांच्या खणांच्या बुटक्या कपाटालाही ड्रेसरच म्हणतात. इथे विषय आहे तो या कपाटाचा.

पहिला प्रश्न अर्थात जागेचा. मुंबई-पुण्याच्या वन बीएचकेमधली 10 बाय 10 ची बेडरूम घ्या. डबल बेड हेडबोर्ड धरून साधारण साडेसहा फूट लांब. पायथ्याशी उरले साडेतीन फूट, म्हणजे 42 इंच. तिथे 18 इंच खोलीचा ड्रेसर ठेवला तर उरतात 24 इंच. वाटतं, चालायला पुरे की! पण खण 15 इंच बाहेर ओढला की समोर 9 इंच राहतात. एवढ्या जागेत माणूस उभा राहत नाही. मग पलंगावर मांडी घालून खण उघडायचा, हे रोजचंच होऊन बसतं.

तोच ड्रेसर पलंगाच्या बाजूला ठेवून बघा. पाच फुटी बेड एका भिंतीला सरकवला की 60 इंच मोकळे. त्यातून ड्रेसरचे 18 आणि खणाचे 15 वजा केले तरी 27 इंच हातात राहतात. साइटवर दिलेली मापं बंद ड्रेसरची असतात, त्यामुळे खणाची लांबी आपणच मिळवायची. सोपा उपाय म्हणजे रद्दीचे पेपर ड्रेसरच्या मापाचे जोडून जमिनीवर पसरायचे, पुढे खणाएवढा आणखी एक पेपर लावायचा आणि दोन दिवस त्या खोलीत वावरायचं. दार त्यावर आपटतंय का, स्विचबोर्ड मागे लपतोय का, हे आपोआप कळतं. जुन्या इमारतीत राहत असाल तर जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दारही मोजून घ्या.

ड्रेसर पडतो कसा?

जागेपेक्षा मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे. घरात दीड ते पाच वर्षांचं मूल असेल तर त्याच्या दृष्टीने उघडे खण म्हणजे शिडी. वर ठेवलेला रिमोट, बिस्किटाचा डबा किंवा चार्जिंगला लावलेला फोन हवा असतो, म्हणून ते खालच्या खणावर पाय देतं.

आता थोडं गणित, सीसॉसारखं. ड्रेसरच्या पुढच्या पायांची रेघ म्हणजे मधला टेकू. समजा रिकाम्या सांगाड्याचं वजन 30 किलो आहे आणि ते टेकूच्या मागे 20 सेंटिमीटरवर एकवटलंय. ड्रेसर मागे धरून ठेवणारा जोर झाला 30 गुणिले 20, म्हणजे 600. कपड्यांसकट प्रत्येकी 6 किलोचे चार खण आहेत. एकच खण उघडला तर बाकीचे तीन मागेच राहतात आणि मदत करतात, 360 ची. मागचा जोर 960 होतो. उघडलेल्या खणाचं वजन टेकूच्या पुढे 15 सेंटिमीटरवर आलं असं धरलं, तर ते 90. बारा किलोचं मूल 35 सेंटिमीटर पुढे लोंबकळलं तर 420. म्हणजे 960 विरुद्ध 510. ड्रेसर उभा राहतो.

चारही खण उघडे असतील तर? मागे राहतो फक्त सांगाड्याचा 600. पुढे खणांचे 360 आणि मुलाचे 420, म्हणजे 780. ड्रेसर पुढे येतो, मूल त्याच्याखाली. आकडे उदाहरणादाखल असले तरी घडतं ते असंच. मजबूत दिसणारा, भरलेला ड्रेसरही यातून सुटत नाही.

जून 2016 मध्ये अमेरिकेत आयकियाने 2 कोटी 90 लाख ड्रेसर परत मागवले होते. त्यात 'माल्म' हे प्रसिद्ध मॉडेलही होतं. तोपर्यंत सहा मुलांच्या मृत्यूंची नोंद झाली होती. अशाच अपघातांत मुलं गमावलेल्या आईवडिलांच्या पाठपुराव्यानंतर डिसेंबर 2022 मध्ये तिथे 'स्टर्डी' नावाचा कायदा झाला आणि सप्टेंबर 2023 पासून नवं बंधनकारक मानक लागू झालं. साधारण 27 इंच किंवा त्याहून उंच ड्रेसरची चाचणी खण उघडे आणि भरलेले ठेवून, 60 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे 27 किलोपर्यंतच्या मुलाचा भार धरून होते.

आपल्याकडे कपाट भिंतीला बांधायची सवय नाही, यालाही कारण आहे. आपली पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख लोखंडी कपाटाशी. गोदरेजची कपाटं 1923 पासून बनतायत. त्यात वजनदार सामान असतं ते आतल्या कप्प्यांवर आणि कप्पे बाहेर येत नाहीत. ड्रेसरचं वजन मात्र रोज पुढे-मागे होतं. त्यामुळे 'एवढं जड आहे, कुठे पडतंय' हा अनुभव इथे कामाचा नाही.

भिंत कसली आहे?

तयार ड्रेसरच्या खोक्यात बऱ्याचदा एक पट्टी आणि दोन स्क्रू येतात. लोक ते फेकून देतात. ती पट्टी म्हणजे भिंतीला बांधायची सोय. पण सगळ्या भिंती सारख्या नसतात. ड्रिल केल्यावर लाल भुगा आला तर वीट, तिथे प्लास्टिकची साधी गिट्टी चालते. ड्रिल अगदी सहज आत गेलं आणि पिठासारखा पांढुरका भुगा पडला तर ती हलक्या ब्लॉकची, ज्याला कारागीर सिपोरेक्स म्हणतात तशी भिंत. नव्या टॉवरमध्ये हीच जास्त असते आणि तिला वेगळी, लांब गिट्टी लागते. जिप्समच्या पार्टिशनला आतली फ्रेम शोधून तिच्यातच स्क्रू मारावा लागतो. दुसरं टोक ड्रेसरच्या पाठीला लावू नका. ती पाठ बहुतेकदा जेमतेम 3 मिलिमीटरची असते. वरच्या फळीत किंवा बाजूच्या जाड पॅनलमध्येच लावा. खालच्या स्कर्टिंगमुळे ड्रेसर भिंतीपासून अर्धा इंच दूर राहतो, त्याने बिघडत नाही. पट्टी ताणून बसवली की झालं. उलट पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून तेवढं अंतर बरंच.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर मटेरियलचंही. साइटवर नुसतं 'इंजिनिअर्ड वूड' लिहिलेलं असेल तर ते बहुतेकदा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असतं. कोकणात, मुंबईत रोज लादी पुसताना पाणी लागून याच्या खालच्या कडा फुगतात आणि एकदा फुगलं की ते परत बसत नाही. असा ड्रेसर घ्यायचाच असेल तर निदान चार इंच पाय असलेला घ्या, खालून झाडूही जातो. सुताराकडून करून घेणार असाल तर प्लायवर आयएस 303 लिहिलंय की आयएस 710, ते बघा. 710 म्हणजे मरीन ग्रेड, ओल सगळ्यात जास्त सोसणारा. 303 मध्ये बीडब्ल्यूआर आणि एमआर असे प्रकार येतात, त्यात एमआर कोरड्या खोलीपुरताच. सुताराला एकावेळी एकच खण उघडेल असं कुलूप बसवता येईल का, हेही विचारा. काही तयार ड्रेसरमध्ये ते असतं.

भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर उंच ड्रेसरचा नाद सोडून द्यावा. 27 इंचांच्या आतला, रुंद, दोन-तीन खणांचाच घ्यावा. चादरी, जीन्स, जड साड्या खाली आणि रुमाल-मोजे वर. वरच्या फळीवर मुलांना हवंसं वाटेल असं काही नाही, आणि टीव्ही तर नाहीच. आणि भोक का पाडायचंय, हे मालकाला एकदा नीट सांगून बघायला हरकत नाही. घर सोडताना दोन भोकं बुजवायला पुट्टीचं छोटं पाकीट पुरतं.