पणाला लावलेलं कुणाचं होतं?

मंडळी, आजचा विषय आहे खेळावर लावला जाणारा पैसा. सरळ शब्दांत सांगायचं तर क्रिकेटवरचा सट्टा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण असं की, ‘कळत असूनही माणूस स्वतःचं नुकसान का करून घेतो?’ हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथाचा सातवा भाग बऱ्याच अंशी याच प्रश्नाला दिला आहे. आणि डहाणू-तलासरीत हा प्रश्न मांडायला आणखीही एक कारण आहे. ते शेवटाकडे सांगू.

सुरुवातीलाच एक पथ्य पाळू या. सट्टा लावणारा मूर्ख असतो, आळशी असतो, असं धरून चाललं की पुढचं काही समजत नाही. तो बहुधा आपल्यासारखाच असतो. म्हणून त्याला मिळतं काय, हे आधी बघू.

दोन मित्र नाक्यावर मॅच बघताहेत. एक म्हणतो मुंबई जिंकणार, दुसरा म्हणतो हरणार. वडापावची पैज लागते. कुणीही जिंकलं तरी वडापाव दोघांच्या ओळखीतच राहतो, आणि उद्या उट्टं काढायची संधीही असते. ही झाली पैज. सट्ट्यात या दोघांच्या मध्ये एक तिसरा येऊन बसतो. त्याला मुंबईशी देणंघेणं नाही, हरण्या-जिंकण्याशी नाही. त्याला एवढंच हवं असतं की दोघांनी लावत राहावं. पैज आणि सट्टा यांतला फरक रकमेचा नाही, या तिसऱ्या माणसाचा आहे.

आता चढाची बाजू. दोनशे रुपये लावले की तीच मॅच वेगळी दिसू लागते. एरवी आपण बघे असतो; आता प्रत्येक चेंडू आपला होतो. छाती धडधडते, आणि फलंदाज सीमारेषेवर झेलबाद झाला तर ‘थोडक्यात गेलं’ असं वाटतं. हे ‘थोडक्यात गेलं’ फार महत्त्वाचं आहे. खरं म्हणजे ती हारच. पण मन तिची नोंद हार म्हणून करत नाही, ‘जवळपास जिंकलो होतो’ अशी करते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दर वेळी दाणा मिळणाऱ्या कबुतराचा दाणा बंद केला की ते लवकर थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागलेलं कबुतर मात्र कितीतरी वेळ टोचत राहतं. अनिश्चित बक्षिसाची ओढ निश्चित बक्षिसापेक्षा चिवट असते. सट्ट्यात विकली जाते ती ही ओढ. जिंकणं अधूनमधून येतं, वाट बघणं मात्र सतत चालू असतं.

शिवाय क्रिकेटमध्ये आणखी एक गोडी आहे. मटक्यात आकडा लागला तर नशीब. क्रिकेटमध्ये मात्र वाटतं की आपल्याला कळतं. खेळपट्टी कळते, गोलंदाज कळतो. आणि ते खोटं नसतं. आपल्या पोरांना क्रिकेट खरंच कळतं. पण तुम्हाला जे कळतं ते भाव ठरवणाऱ्यालाही कळतं, आणि ते त्याने भावात आधीच धरलेलं असतं. बलाढ्य संघावर लावलं तर मिळतं कमी, दुबळ्यावर लावलं तर जास्त. म्हणजे तुमच्या ज्ञानाची किंमत तुम्ही पैसे लावण्याआधीच वसूल झालेली असते.

आता हिशोब करू. पाटीवर मांडता येईल इतका तो सोपा आहे.

समजा नाणेफेकीवर 90 पैसे भाव आहे. म्हणजे जिंकलात तर शंभराला नव्वद मिळणार, हरलात तर शंभर जाणार. एकाने छापावर शंभर लावले, दुसऱ्याने काट्यावर शंभर. एकाला नव्वद मिळाले, दुसऱ्याचे शंभर गेले, मधल्याकडे दहा उरले. दोनशे लावल्यावर दहा, म्हणजे शंभरामागे सरासरी पाच रुपयांची गळती. पाच रुपये म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण आयपीएलच्या 2025 च्या हंगामात 74 सामने ठरले होते. पैसे फक्त सामन्याच्या निकालावर लागत नाहीत. षटकावर लागतात, पुढच्या चेंडूवर लागतात. एका सामन्यात शंभर-शंभरचे वीस डाव धरा. 74 गुणिले 20 म्हणजे 1480 डाव. प्रत्येकी पाच रुपये, म्हणजे 7400 रुपये. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. भागाकार करून बघा. जवळजवळ चोवीस दिवसांची मजुरी. ही सरासरी आहे. कुणी वर राहील, कुणी फार खाली जाईल. पण जितके डाव जास्त, तितकं सगळ्यांना सरासरीकडे ओढलं जातं. याकोब बर्नुली याने हा नियम सिद्ध केला आणि तो 1713 साली छापला गेला. म्हणूनच मधला माणूस कधी घाईत नसतो. वेळ त्याच्या बाजूने असतो.

यावर कुणी म्हणेल, आमच्याकडे युक्ती आहे: हरलो की दुप्पट लावायचं, कधीतरी जिंकणारच. हीही युक्ती तपासू. भाव तोच, 90 पैसे. शंभर गेले, दोनशे लावले, जिंकलात तर 180 आले, 80 वर. दोन्ही वेळा हरलात, 300 गेले. आता चारशेवर 360, म्हणजे 60 वर. तेही गेलं, 700 रुपये खाली. आठशेवर 720, म्हणजे 20 वर. तेही गेलं, 1500 खाली. आता सोळाशे लावले आणि जिंकलात, तरी मिळणार 1440. म्हणजे जिंकूनसुद्धा साठ रुपये खड्ड्यात! लागोपाठ चार हरणं दुर्मीळ नाही. समसमान संधी असली तरी दर सोळा वेळांमागे सरासरी एकदा ते घडतं. आणि चार वेळा हरलो म्हणून पाचवा आपलाच, हाही भ्रमच. मॉन्टे कार्लोच्या जुगारघरात 1913 साली चाकावर लागोपाठ 26 वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच म्हणून लोक दर फेरीला पैसे वाढवत गेले आणि बुडाले. चाकाला मागचं आठवत नाही. नाण्यालाही नाही.

मग हरलेला माणूस उठून का जात नाही? डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 साली मांडलेल्या सिद्धांतात याचं उत्तर सापडतं. हजार मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याहून हजार गेल्याचं दुःख कितीतरी मोठं असतं. आणि तोट्यात असलेला माणूस जपून वागण्याऐवजी जास्त धोका पत्करतो, कारण त्याला श्रीमंत व्हायचं नसतं. फक्त ‘होतो तिथं’ परत यायचं असतं. मंडळी, सट्ट्यातला खरा उतार इथे सुरू होतो. पहिला पैसा हौसेने जातो. घर बुडतं ते पहिला पैसा परत आणण्याच्या नादात.

आता थोडं कायद्याबद्दल. आपल्याकडे जुगाराला 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. परवाना असलेल्या मैदानावरच्या घोड्यांच्या शर्यतीला त्यात सूट आहे, क्रिकेटला नाही. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांसाठी संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये नवा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्याने बाजूला ठेवला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही.

बंदीने सट्टा लपून चालतो, त्यापेक्षा परवाना द्या, असंही म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आयपीएलमधल्या 2013 च्या स्पॉट फिक्सिंग प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने जानेवारी 2016 मध्ये क्रिकेटवरचा सट्टा कायदेशीर करावा असं सुचवलं. विधी आयोगाने 2018 च्या अहवालात नियमनाचा विचार मांडला, पण एक अटही घातली: सरकारी अनुदानावर जगणाऱ्यांना आणि प्राप्तिकराच्या कक्षेत न येणाऱ्यांना यापासून दूर ठेवावं. परवान्याच्या बाजूने विचार करणाऱ्यांनाही हे दिसत होतं की, हरणं सगळ्यांना सारखं परवडत नाही.

आणखी एक जुनी गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार कोर्टात टिकत नाही. मुंबई इलाख्यात 1865 पासूनच पैजेला जोडून केलेले व्यवहारही रद्दबातल धरले गेले. म्हणजे जिंकलात तर कोर्टातून वसुली करता येत नाही. आणि हरलात तर सट्टेवाल्यालाही ती करता येत नाही. मग तो वसूल कसा करतो? धाकाने, चारचौघांतल्या अब्रूने. फोनवर कर्ज देणाऱ्या काही ॲपवाल्यांनी हीच रीत उचलली: ओळखीच्या सगळ्यांना फोन लावायचे, फोटो पाठवायचे.

आता आमच्या विषयाकडे येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. तेव्हाचे फासे बेहड्याच्या फळांचे असत; तोच बेहडा, जो आपल्या रानातही दिसतो. त्या सूक्तातला माणूस सांगतो की बायको दुरावली, सासू तोंड फिरवते, आईबाप नि भाऊ ओळख नाकारतात. पुन्हा जायचं नाही असं ठरवतो, आणि फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. कर्जात बुडून रात्री दुसऱ्यांच्या घराकडे जातो. शेवटी त्याला मिळालेला सल्ला अगदी साधा आहे: फासे सोड, शेत नांगर.

आणि महाभारतात, सभापर्वात, द्रौपदीने विचारलेला प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? जो स्वतःच स्वतःचा राहिला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा हक्क कुठून आला? भीष्मांनाही त्यावर धड उत्तर देता आलं नाही. आम्हाला वाटतं, सट्ट्याबद्दल विचारण्यासारखा हाच खरा प्रश्न आहे. किती लावलं, किती गेलं, हे नंतर. पणाला लावलेलं तुझं होतं का?

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते कारण. हा प्रश्न या मातीत एकदा विचारून झालेला आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले म्हणून नवरा-बायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबायचं, कधीकधी आयुष्यभर; त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी मे 1945 मध्ये हजारो वारली जमले, आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या किसान सभेबरोबर त्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच लढ्याचं आहे. लग्नगडी पद्धतीत गहाण पडत होतं ते काय? उद्याचे श्रम. अजून न उगवलेले दिवस.

आज दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, बयाणा घेऊन. तो पैसा हातात असला तरी त्याची मजुरी अजून करायची असते, आणि ती एकट्याने नाही, बायकोने आणि म्हाताऱ्या आईनेसुद्धा. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, त्याच दिवसांत आयपीएल चालू असते. हातात थोडा पैसा, खिशात फोन. त्या वेळी बयाण्यातले पाच हजार सट्ट्यात गेले, तर गेलेला पैसा कुणाचा? आणि तो भरून काढायला फोनवरून कर्ज काढलं, तर आपण पुन्हा उद्याचे दिवस गहाण ठेवले. फरक इतकाच की तेव्हा सावकार दारात दिसायचा, त्याच्याविरुद्ध एकत्र येता यायचं. आता तो दिसत नाही, आणि हरलेला माणूस लाजेने एकटा पडतो.

म्हणून उपाय सांगायचा तर आधी ही लाज बाजूला ठेवायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन आजार म्हणून नोंदलेलं आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 वर आहे, मराठीतही बोलता येतं. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर 1930. घरातल्यांनी एक करावं: कर्ज एकदम फेडून मोकळं करू नये, आधी फोनवरचे पैशांचे व्यवहार काही महिने दुसऱ्याच्या हाती द्यावेत. नाहीतर फेडलेलं कर्ज म्हणजे नव्या डावाची सोय होते. आणि पोराला ‘किती हरलास?’ असं विचारण्याआधी ‘कुणाचे होते?’ असं शांतपणे विचारावं. पहिल्या प्रश्नाला तो खोटं बोलेल. दुसऱ्यावर त्याला विचार करावा लागेल.

मॅच जरूर बघा. वडापावची पैजही लावा, आमची हरकत नाही. आमचं बोलणं इथं थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.