युबिक्विटिन काढणारी विकरे: जीवदान देणारी की नाश घडवणारी?

गैरसमज: युबिक्विटिन चिकटले की प्रथिनाचा शेवट ठरला, आणि ते काढणारी विकरे प्रथिनांना जीवदान देतात.

यातले अर्धेच खरे. युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. नको असलेल्या प्रथिनांवर त्याची साखळी चढते आणि पेशीतले प्रोटिएसोम त्यांचे तुकडे करते. या शोधासाठी आरॉन सिचानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. साखळी तोडणारी डीयुबिक्विटिनेज विकरे माणसात सुमारे १०० आहेत. त्यांतले यूएसपी-७ हे कर्करोगाला आवर घालणाऱ्या पी-५३ ला वाचवू शकते, पण पी-५३ चा नाश घडवणाऱ्या एमडीएम-२ लाही तेच वाचवते. म्हणून यूएसपी-७ बंद पाडले की बहुधा एमडीएम-२ घटते आणि पी-५३ उलट वाढते.

आरपीएन-११ हे विकर तर याहून विलक्षण. ते प्रोटिएसोमचाच भाग आहे. आत ओढल्या जाणाऱ्या प्रथिनावरची अख्खी साखळी ते बुडापासून कापते. कापली नाही, तर प्रथिन अरुंद वाटेत अडकते आणि विघटनच खोळंबते. म्हणजे इथे साखळी काढणे हीच नाशाची अट! सुटलेले युबिक्विटिन पुन्हा कामाला येते. मुळात पेशी ते सुटे बनवतच नाही. ते एकमेकांना किंवा रायबोसोमच्या प्रथिनांना जोडलेले तयार होते आणि हीच विकरे ते मोकळे करतात. माझ्या मते या विकरांची ओळख इथूनच करून द्यायला हवी.

गैरसमज: सगळ्या साखळ्या सारख्याच.

युबिक्विटिनच्या ४८व्या लायसिनवर जुळलेली साखळी मुख्यतः विघटनाकडे नेते, तर ६३व्या लायसिनवरची डीएनए-दुरुस्तीचे आणि दाहाचे संदेश पोचवते. सीवायएलडी हे विकर ही दुसरी साखळी तोडून दाहाचे संदेश शमवते. त्याच्या जनुकात आनुवंशिक बिघाड असला, तर टाळूच्या त्वचेवर गाठी उठत राहतात.

गैरसमज: कर्करोगावर उपाय म्हणून ही सगळीच विकरे रोखावीत.

यांतलेच बीएपी-१ निकामी झाले, तर मेसोथेलिओमा आणि डोळ्यातील मेलॅनोमा यांचा धोका वाढतो. उलट यूएसपी-८ अतिसक्रिय झाले, तर पिट्युटरी ग्रंथीत गाठ होऊन कुशिंगचा आजार होऊ शकतो. म्हणून एकेका विकरावर नेमके बसणारे रेणू शोधावे लागतात. ते कठीण जाते, कारण यांतल्या बहुतेकांच्या क्रियाकेंद्रात सिस्टीनच काम करते आणि ती केंद्रे एकमेकांसारखी असतात.