असईचं रणांगण पाटावर मांडताना

दिवाळीत लेकरं अंगणात मातीचा किल्ला करतात, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. पुण्या-साताऱ्याकडे त्याची चाल जास्त, पण आता आपल्याकडच्या लेकरांनाही त्याची गोडी लागलीय. अंगणातला किल्ला दिवाळी सरल्यावर मोडला तरी चालतो. आमच्या गटाकडे मागच्या वर्षी आलेलं काम मात्र वेगळं होतं. एका शाळेला उचलून नेता येईल असं छोटं रणांगण हवं होतं. त्यावर मातीचे शिपाई मांडून लेकरांना लढाई समजावून सांगायची होती. आमचा पहिला नमुना फसला. सामानाचा पैसा गेला आणि आठ दिवसांची मेहनतही. वरचं काम चांगलं होतं, फसला तो खालचा पाट. म्हणून आज आपण पाटाचंच बोलू.

रणांगण आपल्याच जिल्ह्यातलं आहे, भोकरदनच्या पूर्वेकडच्या असईचं. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज एका बाजूला आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला. असईला दक्षिणेकडून केळणा येते, उत्तरेकडून जुई येते आणि पूर्वेला दोघी मिळतात. मधे जिभेसारखी जमीन राहते. मराठ्यांच्या तोफा केळणेच्या काठावर दक्षिणेकडं तोंड करून होत्या. समोरून नदी ओलांडणं म्हणजे मरण. वाटाडे म्हणाले, दुसरीकडं उतार नाही. पण वेलस्लीला पूर्वेकडं नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, आणि तिथं उतार असणारच असं त्यानं ओळखलं. याचं इतिहासात फार कौतुक होतं. आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, “समोरासमोरची गावं म्हणजे सोयरीक आलीच, मग पाय वाट काढणारच की!”

तर या लढाईचा जीव नद्यांमध्ये आहे. आणि नदी जमिनीच्या खाली असते, ही साधी गोष्ट आम्ही पहिल्या वेळी विसरलो. एक पातळ हार्डबोर्ड घेतला, त्यावर माती थापली आणि निळ्या रंगानं दोन नद्या रेघाटल्या. शिपाई नदीवरून असे चालत गेले जसे काही सतरंजीच्या पट्ट्यावरून. काठ नाही, उतार नाही, मग लेकरांना कळणार काय? त्यातच आठव्या दिवशी बोर्डाचे चारही कोपरे वर आले आणि माती तडकून पापुद्र्यांनी सुटली.

कोपरे का वर आले, ते पापडावरून कळतं. एकाच बाजूनं ऊन लागलं की पापड वळतो, म्हणून आपण तो उलटतो. बोर्डाच्या वरच्या अंगाला ओली माती आणि खळ लागली. ती वाळताना आकसली आणि तिनं बोर्ड आपल्याकडं ओढला. खालच्या अंगाला ओढणारं काहीच नव्हतं.

दुसऱ्या वेळी आम्ही बारा मिलिमीटरचा प्लायवुड घेतला. महाग पडतो, पण सुताराकडं उरलेले तुकडे मिळतात. घरात जुनं, पोकळ न झालेलं कपाटाचं दार असेल तर तेही चालतं. फक्त वाळवी पाहून घ्या. खालून कडेनं आणि मधोमध लाकडी पट्ट्या स्क्रूनं कसल्या. खिळे पुढं ढिले होतात. या पट्ट्यांमुळं पाट वाकत नाही, आणि उचलायला खाली बोटंही जातात. मग खालच्या अंगाला आणि कडांना दारं रंगवून उरलेला ऑइलपेंट दिला. वरच्या अंगाला तो देऊ नका, त्यावर डिंक धरत नाही. तिथं पाण्यात पातळ केलेला फेविकॉल फासून पूर्ण वाळू द्यायचा.

आमचा पाट चार फूट बाय तीन फूट होता. एवढा एकसंध पाट दारातून निघत नाही, म्हणून दोन तुकडे केले. जोडाची रेघ कुठं येते ते आधी कागदावर पाहा. आमची रेघ पहिल्यांदा नेमकी उताराच्या जागेवर येत होती, ती पश्चिमेला सरकवली.

नदीसाठी फ्रिजच्या खोक्याचे जाड पुठ्ठे घेतले. तीन थर, एकाची नळी उभी तर दुसऱ्याची आडवी, म्हणजे पुठ्ठा दुमडत नाही. प्रत्येक थरात नदीचा आकार कापून काढायचा, वरच्या थरात थोडा रुंद. मग काठ आपोआप उतरता होतो, आणि पाटाचं लाकूडच नदीचा तळ बनतं. इथं मापाचं एक गुपित सांगतो. चार फुटांत चार किलोमीटर बसवले, तर सहा मीटरचा काठ हिशोबानं दोन मिलिमीटरही भरत नाही. तेवढा डोळ्याला दिसत नाही. म्हणून खोली मुद्दाम वाढवायची. लांबी-रुंदी प्रमाणात ठेवा, उंची डोळ्याला पटेल तेवढी.

थर्माकोल हलका असतो खरा, पण त्याचे कण घरभर होतात आणि स्प्रेचा रंग मारला की तो विरघळतो. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे.

आता माती. शेतातली काळी माती हाताशी असते, पण ती यासाठी घेऊ नका. जी माती उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते, ती पाटावर का गप्प बसेल? आम्ही धाब्याला वापरतात ती पांढरी माती चाळून दोन वाटे घेतली, एक वाटा बारीक वाळू आणि अर्धा वाटा गव्हाचा भुसा. भिजवून दोन रात्री मुरू दिली. पुठ्ठ्यावर आधी बारदानाचे तुकडे खळीनं चिकटवले, म्हणजे मातीला पकड मिळते. खळीत मोरचूद टाकण्याची जुनी पद्धत आहे, किडा लागत नाही. पण ते विष आहे आणि या पाटावर लेकरांचे हात फिरणार, म्हणून आम्ही मेथीचं पीठ घातलं, जसं कागदाच्या लगद्याच्या टोपल्यांत घालतो.

थर पातळ द्या. एवढ्या पाटावर एक सेंटिमीटर मातीसुद्धा पंधरा किलोच्या वर जाते. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ बरे, आणि वाळवण सावलीत. पहिल्या थराला बारीक भेगा पडतीलच. त्या दुसऱ्या थरानं भरतात. असई गावाची जागा जुईच्या काठाशी सपाट राखायची, कारण इंग्रजांची माणसं सगळ्यात जास्त तिथंच पडली आणि लेकरं तिथं शिपाई दाटीनं उभे करतात.

दुसरा पाट टेम्पोतून गेला. शाळेत फरशीवर ठेवून आम्ही आधी चारही कोपरे दाबून पाहिले. एकही डुगडुगला नाही. मग एका पोरीनं बोटानं केळणेचा काठ चाचपला आणि विचारलं, “एवढ्या खोलातून तोफा वर कशा चढवल्या असतील?”