पहिला एअरब्रश घेताय? आधी हवेतलं पाणी ओळखा

जोयडा : कॅसलरॉक घाटातल्या रेल्वेचा डबा असो की लढाऊ विमान, छोटं मॉडेल कुंचल्याने रंगवलं की ओरखडे डोळ्यांत खुपतात. 1:87 मापाच्या डब्यावर रंगाचा थर 0.1 मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या डब्यावर तो जवळपास 9 मिलिमीटरचा लेप ठरेल. म्हणून मॉडेल करणारे एअरब्रशकडे वळतात. गणेशमूर्तींच्या कारखान्यांतही तो हल्ली सर्रास दिसतो. पण पहिल्याच खरेदीत पैसे वाया जाऊ नयेत, तर काही गोष्टी आधीच माहीत हव्यात.

कोणता प्रकार?
सिंगल अ‍ॅक्शनमध्ये बटण दाबलं की हवा आणि रंग एकदमच सुटतात. रंग किती यायचा ते स्क्रूवर ठरतं. डबल अ‍ॅक्शनमध्ये बटण खाली दाबलं की हवा येते आणि मागे ओढू तसा रंग वाढतो. हात बसायला चार दिवस जास्त लागतात, पण बारीक रेघ आणि छटा यातच जमतात. त्यामुळे सुरुवातीलाच डबल अ‍ॅक्शन घेतलेला बरा. रंगाची वाटी वर असलेला ब्रश कमी दाबावर आणि थोड्या थेंबांवर चालतो. मॉडेलसाठी 0.3 मिलिमीटरचा नोझल पुरतो. फूटभर मूर्तीच्या अंगरंगासाठी 0.5 मिलिमीटरचा सोयीचा. डोळ्यांची आखणी मात्र शेवटी बारीक कुंचल्यानेच करायची.

खरा खर्च कॉम्प्रेसरचा
सगळे पैसे ब्रशवर घालून कॉम्प्रेसर कसातरी घेतला की काम फसतं. टाकी नसेल तर हवा धक्के देत येते आणि रंगाचे ठिपके पडतात. साधारण 3 लिटरची टाकी, दाबाचा काटा आणि पाणी अडवणारी वाटी म्हणजे मॉइश्चर ट्रॅप, या तिन्ही गोष्टी हव्यातच. लाईट गेली तर टाकीतल्या हवेवर हातातला हात तरी पुरा होतो. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, हे धरून विचारून घ्या. चार्जिंगचे हातातले छोटे संच स्वस्त दिसतात, पण त्यांचा दाब मर्यादित असतो आणि बहुतेकांत पाणी अडवायची सोय नसते.

पावसाळ्यातली अडचण
सह्याद्रीच्या या पट्ट्यात जूनपासून हवा ओलीचिंब असते, आणि गणपतीचं कामही नेमकं तेव्हाच. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. ते नळीतून आलं तर चांगल्या रंगावर थेंब पडतो आणि पुन्हा घासून काढावं लागतं. त्यामुळे काम संपलं की टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडा. थिनरचे रंग दमट हवेत पांढरट पडतात. मुसळधार पावसात ते काम पुढे ढकललेलं चांगलं.

रंग, दाब, सफाई
रंग दुधासारखा पातळ करावा. ट्यूबमधला अ‍ॅक्रिलिक असेल तर बारीक जाळीतून गाळून घ्यावा. 15 ते 20 पीएसआय दाबावर सुरुवात करून आधी जुन्या प्लास्टिकवर हात फिरवून पाहावा. शाडूच्या मूर्तीवर एकदम ओला फवारा मारला तर माती भिजते, म्हणून पातळ हात आणि मध्ये वाळवण. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी बिनविषारी नैसर्गिक रंगांवर भर आहे, तेही लक्षात ठेवावं. रंग बदलताना प्रत्येक वेळी ब्रश धुवावा. वाळलेला रंग सुईला चिकटतो, नोझल तुंबवतो.

छातीची काळजी
पाण्याचा रंग असला तरी त्याचे कण फुफ्फुसात जातात. थिनरच्या वाफेला कापडी मास्क पुरत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. पावसामुळे खिडक्या बंद ठेवून काम करू नका, आणि जवळ चूल किंवा समई पेटती नको.

बेळगाव, हुबळी किंवा मडगावला खरेदीला गेलात तर दुकानदाराला एकच प्रश्न आधी विचारा : या ब्रशची सुई आणि नोझल सुटे मिळतात का? मिळत नसतील तर स्वस्त ब्रशही महागच पडतो.